होया दे सेरेन पाहण्यासाठी वाट वाकडी करावी का?

प्रश्न :
ग्वातेमालातील तिकाल हे उंच मंदिरांचे प्राचीन माया नगर पाहून आम्ही दोघे एल साल्वादोरला जाणार आहोत. तेथे होया दे सेरेन ही ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली जुनी वस्ती आहे, असे वाचले. परंतु तेथे उंच मंदिरे नाहीत आणि शिलालेखही नाहीत. तिकाल पाहिल्यानंतर मातीच्या घरांसाठी वेळ काढावा का? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
अवश्य काढावा. इ. स. ६०० च्या सुमारास शेजारच्या लोमा काल्देरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि हे शेतकऱ्यांचे गाव कित्येक मीटर राखेखाली गेले. माणसांचे सांगाडे सापडलेले नाहीत, त्यामुळे गावकरी वेळीच निसटले असावेत. घरातले सामान मात्र जागच्या जागी राहिले. वाशांना टांगलेल्या मिरच्या आणि मडक्यांतले घेवड्याचे दाणे तर मिळालेच, पण एका वाडग्यात अन्न निपटून खाणाऱ्याच्या बोटांचे ओरखडेही उमटलेले आढळले. हे ज्या घरांत घडले ती घरे समोर दिसतात, तेव्हा मंदिरांची उणीव मला तरी जाणवली नाही.

प्रतिसाद २ :
शेतांकडेही आवर्जून लक्ष द्यावे. राखेत गाडलेली रोपे कुजून गेली, पण त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. संशोधकांनी त्यांत दंतवैद्यांकडचे प्लास्टर ओतून मक्याच्या ताटांच्या हुबेहूब प्रतिकृती मिळवल्या. २००७ मध्ये तर कसाव्याचे वाफे सापडले. ज्या कंदापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो, त्याची १४०० वर्षांपूर्वीची लागवड आहे हे कळल्यावर मी त्या माहितीफलकापुढे बराच वेळ उभी होते.

प्रतिसाद ३ :
पूर्ण दिवस लागत नाही; राजधानी सान साल्वादोरहून अर्ध्या दिवसात पाहून होते. घरांत प्रवेश नाही, छपराखालची उत्खनने कठड्याआडूनच पाहावी लागतात, आणि ते योग्यच आहे, कारण मातीच्या त्या भिंती फार नाजूक आहेत. घुमटाकार स्वेदगृहाची, म्हणजे वाफेने घाम काढण्याच्या खोलीची, प्रतिकृती मात्र आत वाकून शिरण्यासाठी खुली असते. १९७६ मध्ये धान्याची कोठारे बांधण्यासाठी जमीन सपाट करताना बुलडोझरखाली ही वस्ती उघडी पडली आणि १९९३ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मंदिरांची ओढ असेलच, तर जवळचे सान आंद्रेस त्याच फेरीत पाहावे. परंतु सेरेन आधी, सकाळी, सावकाश.