प्युरिटनांची शिक्षा: माणसाला परत आणणारी की मोडणारी?

निळीशाई (धागाकर्ता)
सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे अमेरिकेत येऊन वसलेल्या कडव्या इंग्रज प्रोटेस्टंटांच्या (प्युरिटनांच्या) वसाहतीचा, विषय निघाला की गाडी थेट सेलम गावातल्या चेटकिणींच्या खटल्यांवर जाते. हे त्या समाजावर अन्याय करणारं आहे. तिथल्या चर्चमध्ये पाप्याला वळणावर आणायच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी एकट्याने जाऊन समजवायचं, नाही ऐकलं तर दोघा-तिघांना सोबत घ्यायचं, मगच सभेपुढे न्यायचं. तिथे उभं राहून कबुली दिली की माणूस पुन्हा आपला.

आणि पैसेवाल्यांनाही सूट नव्हती. बॉस्टनचा बडा व्यापारी रॉबर्ट केन याच्यावर १६३९ मध्ये जादा नफा उकळल्याचा ठपका आला. शिलिंगामागे (म्हणजे बारा पेन्सांमागे) सहा-आठ पेन्स आणि काही किरकोळ मालावर दामदुप्पट! कोर्टाने २०० पौंड दंड ठोठावला (पुढे कमी केला), तर चर्चपुढे त्याने डोळ्यांत पाणी आणून लोभ कबूल केला. नफेखोरीला पाप म्हणून जाब विचारणारा समाज मला तरी आदराचा वाटतो.

उंबरठा
पूर्ण असहमत. याच केनने १६५३ मध्ये मृत्युपत्र लिहायला घेतलं. दीडशेहून जास्त पानं, आणि त्यात पानंच्या पानं 'माझ्यावर अन्याय झाला' हेच. चौदा वर्षं जखम भळभळत होती. मग ते अश्रू कसले? वाळीत पडायच्या भीतीचेच ना?

गवताचं पातं
तुलना त्या काळाशी करा. इंग्लंडमध्ये बारा पेन्सांवरच्या चोरीलाही फाशी होऊ शकत होती. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्यात देहदंडाच्या यादीत चोरी नाहीच. चाळीसपेक्षा जास्त फटके नाहीत, दोन-तीन साक्षीदारांशिवाय फाशी नाही, नवऱ्याने बायकोला मारायचं नाही. १६४१ सालाच्या मानाने हे थोडं आहे का?

उंबरठा
त्याच यादीत व्यभिचार आहे, ते का गाळलंत? १६४४ मध्ये मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन यांना त्यासाठी फासावर चढवलं. ती जेमतेम अठराची होती. १६६० मध्ये मेरी डायरला फाशी दिली, कारण ती क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची होती आणि हद्दपार करूनही परत आली.

राहिला कबुलीचा प्रश्न. सेलममध्ये १६९२ साली ज्यांनी 'हो, मी चेटकीण' म्हटलं, त्यांचे जीव वाचले. एकोणीस जण फासावर गेले, ते खोटं बोलायला तयार नव्हते म्हणून. एकाहत्तर वर्षांची रेबेका नर्स घ्या. ज्युरीने आधी तिला निर्दोष म्हटलं. फेरविचार करताना तिच्याच एका वाक्याचा खुलासा विचारला. कानाने अधू बाई, तिला प्रश्न ऐकूच आला नाही. गप्प राहिली म्हणून दोषी. फाशीआधी चर्चनेही तिला बाहेर काढलं. कबुलीवर उभ्या असलेल्या न्यायात निरपराध माणसाने करायचं काय?

निळीशाई
नर्सच्या बाबतीत माझ्याकडे बचाव नाही. पण त्याच खटल्यांतला एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल १६९७ मध्ये बॉस्टनच्या चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याचा माफीनामा पाद्र्याने सगळ्यांसमोर वाचला. न्यायाधीश स्वतःहून असा उभा राहतो, ही शिकवण त्याच चर्चची.

उंबरठा
स्यूअलला मानतो. मुख्य न्यायाधीश स्टॉटनने मात्र कधीच माफी मागितली नाही, आणि त्याला कोणी सभेपुढे उभंही केलं नाही. तुमच्या त्या पायऱ्यांचं काय झालं तेही पाहा. १६९३ मध्ये नर्सच्या घरचे खटल्यांची बाजू घेणाऱ्या सेलमच्या पाद्र्याला, सॅम्युएल पॅरिसला, जाब विचारायला गेले, आधी एकेकटे, मग सोबत माणूस घेऊन, अगदी नियमाने. तो पद्धतीवरच हरकती काढत बसला. चुका झाल्याचं त्याने १६९४ च्या अखेरीस कबूल केलं, आणि रेबेकाला बाहेर काढल्याचा चर्चचा ठराव रद्द व्हायला १७१२ साल उजाडलं.