मदत हवी आहे: एलडीएफ (डेटाबेसची लॉग फाइल) ६१ जीबी झाली, बॅकअप नीट कसा बसवायचा?

म्हापसा_हार्डवेअर: एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचा मोफत डेटाबेस), बिलिंगचे पाच काउंटर. डेटा फाइल (एमडीएफ) ६.८ जीबी, पण एलडीएफ ६१ जीबीवर गेलीय आणि सी ड्राइव्हवर जेमतेम ४ जीबी उरलीय. बॅकअप म्हणजे शनिवारी सर्व्हिस बंद करून एमडीएफ पेन ड्राइव्हवर कॉपी, एवढंच. एलडीएफ डिलीट केली तर चालेल का? पावसात वीज सारखी जाते, आणि चवथीच्या गर्दीआधी हे मार्गी लावायचंय.

मांडवीकाठ: एलडीएफ अजिबात डिलीट करू नका. वीज गेल्यावर अर्धवट राहिलेले व्यवहार सर्व्हर तिच्याच आधारे मागे घेतो. ती नसेल तर डेटाबेस ‘रिकव्हरी पेंडिंग’मध्ये अडकू शकतो.

बहुधा रिकव्हरी मॉडेल (लॉग कसा जपायचा याची सेटिंग) ‘फुल’ आहे, कधीतरी एक फुल बॅकअप झालाय आणि लॉगचा बॅकअप कधीच नाही. (पहिला फुल बॅकअप होईपर्यंत हे मॉडेल लॉग आपोआप रिकामा करणाऱ्या ‘सिंपल’सारखंच वागतं, म्हणून सुरुवातीला कळत नाही.) फुल बॅकअप कितीही घेतले तरी लॉग रिकामा होत नाही. सिस डेटाबेसेसमध्ये (सर्व्हरवरच्या डेटाबेसांची यादी) ‘लॉग रीयूज वेट डेस्क’ या रकान्यात ‘लॉग बॅकअप’ दिसलं की निदान पक्कं.

दुकान बंद झाल्यावर बाहेरच्या डिस्कवर चेकसमसह (बिघडलेला डेटा ओळखणारी तपासणी) फुल बॅकअप घ्या. मग मॉडेल सिंपल करा, श्रिंकफाइल या आज्ञेने फक्त लॉग २०४८ एमबीवर आणा, मॉडेल परत फुल करा आणि लगेच आणखी एक फुल बॅकअप घ्या. हा शेवटचा चुकला तर लॉगची साखळी (एकामागून एक लावायचे लॉग बॅकअप) सुरूच होत नाही. डेटा फाइल श्रिंक करू नका, इंडेक्स विस्कटतात.

एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, म्हणून एसक्यूएलसीएमडीची (कमांड लाइनवरून एसक्यूएल चालवणारं साधन) बॅच फाइल विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावा: रात्री फुल, दुकान उघडं असताना दर १५ मिनिटांनी लॉग. फाइलच्या नावात तारीख-वेळ हवीच. ‘ॲक्सेस इज डिनाइड’ आलं तर फोल्डरची परवानगी तुमच्या लॉगिनला नाही, एसक्यूएलच्या सर्व्हिस अकाउंटला द्यायची असते. नव्वद टक्के लोक इथेच अडकतात.

म्हापसा_हार्डवेअर: निदान बरोबर निघालं, धन्यवाद. पण सिंपल ठेवून रात्रीचा फुल पुरेसा नाही का? आणि फाइली ठेवायच्या कुठे?

कुशावती: सिंपलमध्ये लॉगचा बॅकअप घेता येत नाही. संध्याकाळी सहाला डिस्क गेली तर पाचही काउंटरची दिवसभराची बिलं हाताने परत टाकता येतील? नसतील तर फुलच ठेवा.

त्याच डिस्कवर ठेवलेला बॅकअप डिस्कबरोबरच जातो. कायम जोडलेली नेटवर्क ड्राइव्ह रॅन्समवेअरच्या तावडीत सापडते. दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून वापरा, एक नेहमी मालकांच्या घरी. ३१ मार्चचा बॅकअप वेगळा जपा, कारण जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात.

महिन्यातून एकदा दुसऱ्या पीसीवर रिस्टोर करून बघाच. तिथला एसक्यूएल २०१९ किंवा त्यानंतरचा हवा, जुन्यावर उतरत नाही. रिस्टोर झाल्यावर चेकडीबी (डेटाबेस आतून तपासणारी आज्ञा) चालवा. नुसत्या ‘व्हेरिफायओन्ली’वर (रिस्टोर न करता बॅकअप फाइल तपासणारी आज्ञा) विसंबू नका. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून बॅटरी संपायच्या आत आपोआप शटडाउन होईल असं लावा.

मांडवीकाठ: आणखी एक. तुमच्या आवृत्तीत डेटा फाइलला १० जीबीची मर्यादा आहे, लॉग त्यात धरत नाहीत. ती भरली की नवं बिल सेव्ह होणार नाही. फाइल दर महिन्याला किती वाढते ते आत्तापासून लिहून ठेवा.