इन्फ्लेमेबल : या शब्दाचा खरा अर्थ तुम्हाला कधी कळला?

आमचं गाव पुणे-बंगलोर हायवेला लागून, शाळा सुटली की आम्ही रस्त्याकडेला उभं राहून टँकर मोजायचो. मागे मोठ्ठ्या लाल अक्षरात हायली इन्फ्लेमेबल. त्याच सुमारास सरांनी इनकरेक्ट, इनकम्प्लीट शिकवलेलं, इन लागला की अर्थ उलटा, म्हणून मी धाकट्या भावाला छातीठोकपणे सांगितलं की यात न पेटणारं काहीतरी असतं. कॉलेजात डिक्शनरी उघडली तेव्हा अंगावर काटा आला. यातला इन नकाराचा नाहीच, तो लॅटिनमधला 'आत'वाला इन, इन्फ्लमारे म्हणजे पेटवणे. म्हणजे फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल एकच, न पेटणारं ते नॉन-फ्लेमेबल. मराठी मीडियमच्या कितीतरी मुलांचं असंच होत असणार म्हणून हा धागा काढतोय, कामावरचे अनुभव असतील तर नक्की लिहा.

*

मी एमआयडीसीत केमिकल कंपनीत स्टोअरला होतो. अ‍ॅसिटोनचे ड्रम, नवीन मालावर फ्लेमेबल आणि जुन्या साठ्यावर इन्फ्लेमेबल असं लेबल. एक नवीन पोरगा जुन्या ड्रमपासून चार हातावर ग्राइंडर जोडत होता, प्लग हातात, मी ओरडलो तर म्हणतो दादा यावर इन लिहिलंय ना. त्याची काय चूक सांगा? अ‍ॅसिटोनची वाफ उणे 20 अंशालासुद्धा पेट घेते, आणि ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते, ग्राइंडरची एक ठिणगी पुरे. नंतर सेफ्टीवाल्या साहेबांनी ट्रेनिंगमध्ये सांगितलं की हा घोळ जगभर झालाय, अमेरिकेत अग्निसुरक्षावाल्यांनी 1920 च्या दशकातच फ्लेमेबल लिहा म्हणून आग्रह धरला आणि ब्रिटिश स्टँडर्डवाल्यांनी 1959 मध्ये तेच धोरण घेतलं. आमच्याकडे त्या दिवसानंतर प्रत्येक ड्रमवर खडूने 'पेटतं' असं मराठीत लिहायला लागलो.

*

मी नर्स आहे, मला हा शब्द उलट्या बाजूने कळला. इन्फ्लमेशन रोजच्या बोलण्यातलं, पण त्याचा आगीशी संबंध कधी डोक्यातच आला नव्हता. वॉर्डात एक आजी होत्या, गुडघा लालबुंद सुजलेला, हात ठेवला तर गरम, त्या म्हणाल्या "बाई, गुडघ्यात आग पेटलीय गं." तिथे एकदम लक्षात आलं की दोन्ही शब्द एकाच घरातले. आपण मराठीत दाहच म्हणतो की!

*

2020 चे गणपती. आरतीआधी सगळ्यांनी हाताला सॅनिटायझर लावलं आणि वहिनी लगेच निरांजन लावायला वाकल्या, हात अजून ओले. माझ्या मुलीने बाटली वाचलेली, ती किंचाळली "काकू थांब, फ्लेमेबल!" आधी सगळे तिच्यावरच चिडले, आरतीच्या वेळी काय ओरडतेस म्हणून. त्यात 70 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलची ज्योत दिवसाउजेडी धड दिसतही नाही हे तिनेच मग सगळ्यांना समजावलं. सातवीत होती तेव्हा. मला अजून त्या पोरीचं कौतुक वाटतं.

*

आमचे वडील पंचवीस वर्षं टँकरवर ड्रायव्हर. इंग्रजी वाचता यायचं नाही, पण टँकरवरच्या पाटीवरचे आकडे पाठ, 1203 म्हणजे पेट्रोल, 1202 डिझेल. हे नंबर सगळ्या जगात एकच असतात हे मला फार उशिरा कळलं. मी लहानपणी त्यांना विचारलेलं, अण्णा ते लाल अक्षरात काय लिहिलंय? ते म्हणाले, "विडी पेटवू नका असं लिहिलंय."