प्रतिसाद : द्राक्षबागेतला अनुभव

शेतमालात फवारणीच्या औषधांचा अंश किती चालेल, याची 'मानकं फक्त कागदावर राहतात' असं मत इथे मांडलं गेलं; ते मला पटत नाही. आमची निफाडला द्राक्षबाग आहे. २०१० साली सीसीसीचा, म्हणजे वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. त्या धक्क्यानंतर कुठलं औषध, किती आणि काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, याची नोंदवही आमच्या घरी काटेकोर झाली. ग्रेपनेटमध्ये, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेत, प्लॉटची नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवाल असल्याशिवाय तिकडे माल जातच नाही. जमिनीत जाणारं विषही त्यानेच कमी झालं, हे मी माझ्या फवारणीच्या हिशेबावरून सांगतो. मात्र नाशिकच्या बाजारात येणारा घड इतक्या कसून कोण तपासतो? मर्यादा देशातही ठरलेल्या आहेत. तपासणी बागेपर्यंत यायला हवी.