सीझन तिकीट आहे, मग कपच्या पहिल्या फेरीला खुर्ची रिकामी का?

यॉर्कशायरी सांगलीकर
गेली नऊ वर्षं मी इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबचा सीझन तिकीटवाला आहे. नाव घेत नाही, तक्रार घरातली आहे. सीझन तिकिटात लीगचे घरचे २३ सामने येतात. कपचं, म्हणजे हरला की बाहेर अशा स्पर्धेचं, तिकीट वेगळं काढावं लागतं. ठरावीक तारखेपर्यंत तुमची खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवतात, मग ती कुणालाही विकतात.

ऑगस्टमधला मंगळवार, लीग कपची पहिली फेरी, समोर चौथ्या श्रेणीतला संघ. वरचा स्टँड उघडलाच नव्हता. आमच्या रांगेत एरवी वीस-बावीस माणसं असतात. त्या संध्याकाळी मी, माझी लेक आणि टोकाला बसणारे एक आजोबा, एवढेच. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कठडा धरून एकेक पायरी चढत आले, दम खाल्ला, थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि आधी माझ्या लेकीपुढे धरला. पाहुण्यांचे तीन-चारशे लोक कोपऱ्यात उभे राहून पूर्ण वेळ गात होते. आमच्या बाजूला इतकी शांतता, की गोलकीपरने बचावपटूला घातलेली शिवी लेकीला स्पष्ट ऐकू आली.

आम्ही जिंकलो, पुढेही जिंकत गेलो. चौथ्या फेरीत प्रीमियर लीगचा बडा संघ घरी आला, आणि आमची रांग एका दिवसात भरली. सीझन तिकीटवाल्यांना पहिला हक्क ना! पहिल्या फेरीत आमच्या मागे एक पोरगा बसला होता. पिझ्झा पोचवण्याचं काम करतो, सीझन तिकीट त्याला परवडत नाही, पण कपच्या प्रत्येक सामन्याला आला. त्याला तिकीट मिळालं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: कपचा हक्क कपमध्येच कमवावा. पहिल्या फेरीला न आलेल्या सीझन तिकीटवाल्याने चौथ्या फेरीत तिकिटासाठी त्या पोराच्या मागे उभं राहावं.

रात्रपाळी
दादा, मी नर्स आहे, लीस्टरजवळच्या हॉस्पिटलमध्ये. सीझन तिकीट माझंही आहे, क्लब वेगळा. लीगचं वेळापत्रक जूनमध्ये कळतं, तेव्हा मी पाळ्या बदलून घेऊ शकते. कपची सोडत निघते आणि काही आठवड्यांत मंगळवारी नाहीतर बुधवारी रात्री पावणेआठला सामना! तोवर आमचा ड्यूटीचा तक्ता लागलेला असतो. रुग्णाला 'आज पहिली फेरी आहे' असं सांगून मी निघू का?

तुम्ही निष्ठा मोजायला निघालात, पण मोजताय मोकळा वेळ. ज्याची नोकरी नऊ ते पाच तो निष्ठावान, आणि माझ्यासारखी, जिने उन्हाळ्यातच तेवीस सामन्यांचे पैसे भरले, ती मागच्या रांगेत? क्लबला जुलै महिन्यात पगार वाटायला माझेच पैसे लागतात.

मंगळवार पेठ
मी कोल्हापुरातनं लिहितोय, इंग्लंड बघितलेलं नाही. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार या संघांच्या मॅचला सीझन तिकीट वगैरे भानगड नसते. तालमीचा माणूस उन्हात बी येतो आणि हरणार हे माहीत असलं तरी येतो. फायनलला तोंड दाखवणाऱ्याला पेठेत विचारतात, "का रं, आजवर कुठं हुतास?" एवढा एक प्रश्न पुरतो.

वाखरीला येऊन दिंडीत घुसायचं आणि पंढरपुरात पहिल्या रांगेत उभं राहायचं, हे बरोबर न्हाई. सांगलीकरांना माझा पाठिंबा.

अकरा बदल
पाठिंबा द्यायला हरकत नाही, पण क्लब स्वतः हे सामने किती मनावर घेतात ते बघा ना. १७ डिसेंबर २०१९ ला लिव्हरपूलने लीग कपच्या उपांत्यपूर्व फेरीत ॲस्टन व्हिलासमोर पोरं उतरवली, कारण मुख्य संघ क्लब वर्ल्ड कपसाठी कतारमध्ये होता. ५-० हरले. ही उपांत्यपूर्व फेरीची गत. पहिल्या-दुसऱ्या फेरीत तर संघात आठ-नऊ बदल ठरलेलेच. मॅनेजरने 'हा सामना दुय्यम' म्हणून सांगितल्यावर प्रेक्षकाने तो मुख्य मानायचा, त्याचे वेगळे पैसे मोजायचे, आणि नाही मोजले तर हक्क गमवायचा?

आणि वारीचा दाखला इथे लागू होत नाही. वारीत माणूस मनाने चालतो, तिथे पावती दाखवावी लागत नाही.

यॉर्कशायरी सांगलीकर
अकरा बदल, लिव्हरपूलचीच पुढची गोष्ट घ्या. ४ फेब्रुवारी २०२०, एफए कपच्या (ही इंग्लंडमधली दुसरी कप स्पर्धा) चौथ्या फेरीचा फेरसामना, समोर श्रूसबरी. मॅनेजर क्लॉप आणि मुख्य संघ सुट्टीवर, त्यांच्या जागी युवा संघाचे प्रशिक्षक नील क्रिचली, १९ वर्षांचा कर्टिस जोन्स कप्तान. क्लबच्या इतिहासातला सर्वांत तरुण संघ, आणि घरच्या ॲनफिल्ड मैदानावर ५२ हजारांहून जास्त लोक! तिकिटं स्वस्त होती, एरवी ज्यांना आत शिरता येत नाही ती कुटुंबं पोरांना घेऊन आली, आणि पोरं १-० जिंकली. मॅनेजर नव्हता, मोठी नावं नव्हती, पण लोक होते. संघ दुय्यम असला म्हणून सामना दुय्यम होत नाही, रिकाम्या खुर्च्यांनी होतो.

न्यूकॅसलने मार्च २०२५ मध्ये लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप जिंकला. देशांतर्गत मोठा चषक ७० वर्षांनी. वेम्बलीतल्या त्या फायनलमधला डॅन बर्नचा हेडर सगळ्यांना पाठ आहे. पण त्या वाटेवर तिसऱ्या फेरीत विम्बल्डनची मॅच होती. पावसाने विम्बल्डनचं प्लाउ लेनचं मैदान खचलं म्हणून ती ऐनवेळी न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कला हलवली, आणि फाबियान शेअरच्या एका पेनल्टीवर १-० सुटली. ती कुणी आठवत नाही. ती हरले असते तर वेम्बली कुठली?

जुना गनर
आर्सेनलच्या सीझन तिकिटात अनेक वर्षं २६ सामने धरलेले असायचे: लीगचे १९ आणि एफए कप-युरोपचे पहिले सात. पैसे आधीच भरलेले, त्यामुळे तिसऱ्या फेरीत खालच्या श्रेणीतला संघ आला तरी वेगळा विचार करावा लागत नसे. मला ती पद्धत आवडायची. निष्ठेची परीक्षा घेण्यापेक्षा तिकिटातच सामना घाला, वाद मिटला.

रात्रपाळी
नाही मिटत, काका. आधी पैसे भरले म्हणून माणूस येतोच असं नाही. मी पूर्वी ज्या क्लबची तिकीटधारक होते, तिथे कपची योजना सक्तीची होती. सोडत निघाली की कार्डावरून पैसे कापून घेत. एका महिन्यात घरचे दोन कप सामने आले आणि माझ्या खात्यात भाड्यापुरतेही उरले नाहीत. दोन्ही रात्री मी वॉर्डात होते. पैसे गेले आणि खुर्चीही रिकामीच राहिली.

मडगावकर
आमच्या फातोर्डा स्टेडियमचं उदाहरण सांगतो, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. ऑगस्ट २०२५ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीग टूच्या पात्रता सामन्यात ओमानच्या अल सीबशी खेळला. भर पावसाळा, बुधवारची रात्र. २-१ जिंकलो आणि त्यामुळेच गटात रोनाल्डोचा अल नस्र आला. त्या रात्री माझ्यासोबत यायला मी सात जणांना विचारलं होतं, एक आला. ऑक्टोबरात अल नस्र येणार म्हटल्यावर तेच सातही जण, वर त्यांचे मेव्हणे, तिकिटासाठी माझ्या मागे. रोनाल्डो शेवटी आलाच नाही, आम्ही १-२ हरलो.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण अल नस्रच्या रात्री त्यातला एक जण आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आला, आणि आता तो मुलगा लीगच्या मॅचलाही हट्ट करतो. पहिल्या फेरीला न आलेल्याला दार बंद केलं असतं, तर तो मुलगाही बाहेरच राहिला असता.

अकरा बदल
मडगावकर, हेच. मोठा सामना हा नव्या माणसाचा उंबरठा असतो.

मंगळवार पेठ
उंबरठा असू दे की, पण आधीपासनं घरात असलेल्याला बाहेर काढून पाहुण्याला पाट देऊ नका. तो पिझ्झावाला पोरगा नवा न्हाई, सगळ्यांत जुना तोच.

यॉर्कशायरी सांगलीकर
रात्रपाळी ताई, सक्तीने पैसे कापणं मलाही मान्य नाही. तुमच्या बाबतीत माझा नियम अन्यायाचा ठरेल, हेही कबूल. पण एक गोष्ट सोडून देता येत नाही. एफए कपमध्ये खर्च वजा जाता तिकिटांच्या गल्ल्यातले ४५ टक्के यजमानाला, ४५ टक्के पाहुण्याला आणि उरलेले सामायिक निधीत जातात. म्हणजे जानेवारीत चौथ्या श्रेणीचा संघ आमच्याकडे येतो, तेव्हा माझ्या रांगेतली प्रत्येक रिकामी खुर्ची त्यांच्याही खिशातून जाते. ग्रिम्सबीसारखा छोटा क्लब लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला पेनल्टीवर १२-११ हरवतो तेव्हा सगळं जग टाळ्या वाजवतं. त्या छोट्या क्लबांचं वर्ष अशा गल्ल्यावर निघतं.

तेव्हा नियम थोडा बदलतो. तुम्ही आलात किंवा तुमच्या नावाने दुसरं कुणी आलं, तरी हक्क शाबूत. दोन्ही नाही, तर पोरगा पुढे.

जुना गनर
हे चालवण्यासारखं आहे. तिकीट फोनवरून दुसऱ्याला पाठवायची सोय बऱ्याच क्लबांकडे आहेच.

रात्रपाळी
आमच्या वॉर्डातल्या सफाईवाल्या मावशींचा नातू फुटबॉलवेडा आहे, मैदानात कधी गेलेला नाही. पुढच्या ऑगस्टला सामन्याच्या दिवशी रात्रपाळी आली तर तिकीट मी काढीन आणि त्या दोघांना पाठवीन. सांगलीकर दादा, हे मी त्या मुलासाठी करणार, नियमासाठी नाही. ज्या वर्षी तेवढेही पैसे नसतील त्या वर्षी काढणार नाही, आणि तरीही मोठा सामना आला तर माझी खुर्ची मी मागणार. तेवीस सामन्यांचे पैसे भरलेत मी.

यॉर्कशायरी सांगलीकर
मागा, ताई. मीही त्या पोरासाठी भांडत राहणार. यंदा पहिल्या फेरीला त्याला आमच्या रांगेत बोलावलंय, आजोबांच्या शेजारी.