एकाच चिमणीतील धुळीची दोन मापे वेगवेगळी का आली?

प्रश्न

नमस्कार. चिमण्यांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नुकताच रुजू झालो आहे. गेल्या आठवड्यात बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या बॉयलरच्या चिमणीत आम्ही लागोपाठ दोन नमुने घेतले. वायूचा वेग सेकंदाला २४ मीटर, तापमान १६० अंश सेल्सिअस आणि बाष्प सुमारे २० टक्के होते. नोझल, म्हणजे नमुना ओढणाऱ्या नळीचे तोंड, ६ मिलिमीटर व्यासाचे होते. पहिल्या वेळी रोटामीटर (ओढलेल्या वायूचा प्रवाह दाखवणारे मापक) मिनिटाला १५ लिटरवर ठेवला, तेव्हा धूलिकण १९६ मिलिग्रॅम प्रतिघनमीटर आले. दुसऱ्या वेळी ३० लिटरवर ठेवला, तेव्हा १५० आले. नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा मात्र दोन्ही वेळा जवळजवळ तोच होता. थिम्बलचे (धूळ अडवणाऱ्या गाळणीचे) वजन करण्यात चूक झाली असेल का?

पहिले उत्तर

वजनावर संशय घेण्याआधी नमुना ओढणाऱ्या पंपाकडे पाहावे. नोझलमध्ये शिरणाऱ्या वायूचा वेग चिमणीतल्या वेगाएवढाच असावा लागतो. यालाच आयसोकायनेटिक नमुना म्हणतात. ओढ कमी पडली, तर जास्तीचा वायू नोझलला वळसा घालून निघून जातो, पण जड कण जडत्वामुळे वळत नाहीत आणि सरळ आत शिरतात, म्हणून धूळ वाजवीपेक्षा जास्त दिसते. ओढ जास्त झाली, तर बाजूचा वायू आत खेचला जातो, पण त्यातले जड कण पुढे निघून जातात आणि आकडा घटतो. वायूच्या रेणूंना असे जडत्व जाणवत नाही, म्हणून नायट्रोजन ऑक्साइडचे माप बदलले नाही. एक मायक्रॉनपेक्षा बारीक कणांवरही हा परिणाम फारसा होत नाही. बगॅसच्या राखेत मात्र अर्धवट जळालेले मोठे कण बरेच असतात.

आता आपलेच आकडे घेऊ. ६ मिलिमीटरच्या नोझलमधून २४ मीटर वेगाने मिनिटाला ४०.७ लिटर वायू जायला हवा. त्यातले बाष्प वजा केले आणि मीटरपाशी तापमान ३० अंश धरले, तर रोटामीटरवर सुमारे २२.८ लिटर दिसायला हवेत (दाबातला फरक येथे सोडून दिला आहे). म्हणजे आपले पहिले माप फुगलेले आणि दुसरे आक्रसलेले आहे. खरा आकडा या दोहोंच्या दरम्यान असण्याची शक्यता आहे, पण कृपा करून दोन्हींची सरासरी काढून अहवालात लिहू नये. तसेच दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात बॉयलरवर सूट ब्लोइंग (नळ्यांवरची काजळी फुंकून काढणे) झाले होते का, हेही विचारून घ्यावे.

दुसरे उत्तर

वेगाचा आकडा तरी बरोबर आहे का? एस-आकाराच्या पिटो ट्यूबचा (वायूचा वेग मोजणाऱ्या नळीचा) गुणांक सुमारे ०.८४ असतो, त्या हिशोबाने २४ मीटरला मॅनोमीटरवर (दाबातला फरक दाखवणाऱ्या मापकावर) ३२ मिलिमीटर पाण्याच्या आसपास फरक दिसायला हवा. पोर्ट (नमुना घेण्याचे भोक) एल्बोच्या (वळणाच्या) किंवा पंख्याच्या अगदी जवळ असेल, तर वायू फिरत वर जातो आणि पिटो फसते. मागच्या वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या हिशोबाने आठ व्यास आणि पुढच्या अडथळ्यापासून दोन व्यास अंतर असणे उत्तम.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मॅनोमीटरवर ३१ ते ३३ मिलिमीटर दिसत होते. पोर्ट मात्र एल्बोपासून जेमतेम तीन व्यासांवर आहे, आणि दोन्ही नमुने आम्ही चिमणीच्या मध्यबिंदूवरच घेतले होते.

पहिले उत्तर देणारा

मग मध्यबिंदूवर भागणार नाही. तीन व्यासांवर धूळ वळणाच्या बाहेरच्या बाजूला साचून वाहते, म्हणून दोन परस्परलंब व्यासांवर अनेक बिंदू घ्यावेत, प्रत्येक बिंदूवर वेग पाहून पंप नव्याने लावावा आणि पोर्टच्या फटी नीट बंद कराव्यात. चिमणीत ऋण दाब असेल, तर तेथून बाहेरची हवा आत येऊन वायूंचेही आकडे पातळ करते.