आई-बाबांना घेऊन फॉल कलर्स बघायला सोपा ट्रेल, किती वेळ धरावा?

पानगळप्रेमी:
आई-बाबा (दोघंही साठीच्या पुढचे) पहिल्यांदाच फॉल (पानगळीआधी झाडांची पानं पिवळी-लाल होतात तो ऋतू) बघणारेत, म्हणून त्यांना जंगलातून वर व्ह्यू पॉइंटला जाणाऱ्या एका ट्रेलवर न्यायचंय. जाऊन-येऊन ६ किमी, चढ साधारण ३०० मीटर, मॅपवर 'सोपा' लिहिलंय. बाबा रोज चालतात, आईचा गुडघा मात्र उतरताना कुरकुरतो. किती वेळ धरायचा, सकाळी जावं की दुपारी? आणि रंग नक्की कधी येतात, मागच्या वीकेंडला खाली सगळं हिरवंच होतं.

डोंगरवेडा:
वेळेसाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा हिशोब अजून चालतो, ढोबळमानाने ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या ट्रेलला १ तास ४२ मिनिटं येतात, पण ती धडधाकट माणसाची, कुठेही न थांबता. तुम्ही सरळ दुप्पट धरा, आणि वर बसायचा अर्धा-पाऊण तास वेगळा. परत फिरायची वेळ निघायच्या आधीच ठरवा आणि व्ह्यू पॉइंट दहा मिनिटांवर असला तरी ती झाली की फिरा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिवस भराभर लहान होतो, ४५ अंश अक्षांशाच्या आसपास रोज जवळपास ३ मिनिटं, म्हणजे पंधरवड्यात पाऊण तास गेला. शिवाय झाडीत अंधार सूर्यास्ताच्या बराच आधी पडतो. हेडलॅम्प प्रत्येकाकडे हवा, मोबाइलच्या टॉर्चवर राहू नका, थंडीत बॅटरी पटकन उतरते.

रानवाट:
रंग वरून खाली येतात. उंचीवर आधी गार पडतं (दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश कमी), म्हणून खाली हिरवं दिसलं तरी वर पिवळं झालेलं असू शकतं. पिवळा रंग पानात असतोच, हरितद्रव्य गेलं की तो दिसायला लागतो, लाल मात्र बऱ्याच झाडांत त्याच वेळी नव्याने तयार होतो आणि त्याला स्वच्छ ऊन आणि गार पण गोठवणारी नाही अशी रात्र लागते. असे चार-पाच दिवस सलग आले की लगेच निघा, वीकेंडची वाट बघत बसू नका, एका वादळी रात्रीत अर्धी पानं खाली येतात.

निवांत:
आईंच्या गुडघ्याबद्दल लिहिते. चढापेक्षा उतार सांभाळा. ओल्या पानांचा थर दिसायला मऊ असतो पण खाली मुळं आणि दगड दडलेले असतात, साल निघालेलं ओलं मूळ तर साबणासारखं निसटतं. त्यावर पाय टाकू नये, ओलांडून पुढे टाकावा, छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवून. बुटाच्या खाचांत पानं गच्च बसतात आणि मग ग्रिप राहत नाही, अधूनमधून दगडावर घासून काढायची. दोन ट्रेकिंग पोल घ्याच, सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी आणि उतारावर ५-१० सेमी जास्त, त्याने गुडघ्यावरचा भार खरंच हलका होतो. आणि आईंना पुढे चालू द्या, वेग त्यांचा, बाकीचे मागे.

पानगळप्रेमी:
खूप खूप आभार, पोल आजच बघते. पहाटे लवकर निघालो तर चालेल का, गर्दी टाळायची होती?

रानवाट:
गर्दीसाठी पहाट उत्तम, पण शांत निरभ्र रात्रीनंतर दरीत धुकं साचतं. पॉइंट त्याच्या वर असेल तर खाली ढगांचा समुद्र दिसतो, धुक्यातच असेल तर ऊन वर येईपर्यंत काहीच दिसत नाही. आई-बाबांना गारठ्यात ताटकळत ठेवण्यापेक्षा नऊ-साडेनऊला चढायला लागा, धुकं विरत आलेलं असतं आणि परतीला हातात भरपूर उजेड. वर वारा असतो आणि घाम आलेला असतो, तेव्हा कॉटनऐवजी लोकर किंवा सिंथेटिक घालून एक जॅकेट बॅगेत वरच ठेवा, थांबलात की लगेच चढवायचं.